बाहीचा ध्यास
(क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांचे अल्पचरित्र)

कपडा अंगास नीट बसला म्हणजे तो घातल्याची आठवणही राहत नाही. न बसला म्हणजे मात्र दिवसभर दुसरे काही सुचत नाही. नवा सदरा घालून फळ्यावर लिहावयास हात वर करावा, तो काखेत ओढ बसावी आणि सारा सदरा हाताबरोबर वर सरकावा, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. अशा वेळी आपण कापडास दोष देतो. परंतु दोष बहुधा बाही मुंढ्यास जेथे जोडली जाते त्या बोटभर जागेत असतो. त्या बोटभर जागेसाठी ज्यांनी सारे आयुष्य वेचले, अशा एका थोर शिंप्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

स्पेन देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क लोकांच्या प्रांतात, गेतारिया नावाचे कोळ्यांचे लहानसे गाव आहे. तेथे २१ जानेवारी १८९५ रोजी क्रिस्तोबालचा जन्म झाला. वडील दर्यावर्दी होते. ते १९०६ साली वारले. आई मार्तिना शिवणकाम करून घर चालवी. मुलगा तिच्याजवळ बसून सुई-दोरा हाताळू लागला. उन्हाळ्यात त्या गावी कासा तोरेस घराण्यातील एक सरदारपत्नी राहावयास येत असे. मार्तिना तिचे कपडे शिवी, आणि त्यामुळे पॅरिसहून आलेले उंची पोशाख मुलास जवळून पाहावयास मिळाले. त्यांतील एकाची नक्कल करून पाहण्याची परवानगी त्याने मागितली व त्या बाईने ती दिली, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, कोळ्याच्या पोराची जिज्ञासा त्या थोर घरी हसण्यावारी नेली गेली नाही, एवढे निश्चित.

वयाच्या १२ व्या वर्षी हा मुलगा सान सेबास्तियन शहरी शिंप्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. पुढे १९१७ साली त्याच शहरी त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. राजघराण्यातील स्त्रिया त्यांच्या गिऱ्हाईक झाल्या. माद्रिद व बार्सिलोना येथेही शाखा निघाल्या. परंतु १९३१ मध्ये स्पेनची राजसत्ता गेली, आणि १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. तेव्हा चाळिशी ओलांडलेले बालेन्सियागा पॅरिसला गेले आणि १९३७ साली तेथे त्यांनी नव्याने आरंभ केला. पाहता पाहता त्या नगरीतील नामांकित वेशकारांनी त्यांस आपला गुरू मानले.

असे का व्हावे? उंची पोशाखांचे नमुने कागदावर रेखाटणारे पॅरिसमध्ये पुष्कळ होते. त्यांचे कापणे-शिवणे इतर कारागीर करीत. बालेन्सियागा मात्र बेतणे, कापणे, कच्ची शिवण घालणे, अंगावर चढवून पाहणे आणि शेवटची टीप मारणे ही सर्व कामे स्वतः जाणत. कापड प्रथम हाती घ्यावे, ते ताठ आहे की लोळते हे पाहावे, आणि मग त्याच्या स्वभावास मानवेल असा पोशाख योजावा, ही त्यांची रीत. मनाजोगते कापड मिळेना तेव्हा १९५८ च्या सुमारास त्यांनी एका स्विस कापड-व्यवसायिकाच्या साह्याने गझार नावाचे ताठ रेशमी कापड विणवून घेतले. हे कापड घडी घालावी तशी उभी राहते. १९६१ साली त्यांनी एक कोट असा बेतला की त्यास अवघी एकच शिवण होती.

१९४७ पासून पॅरिसमध्ये क्रिस्तियन दिओर यांच्या पोशाखांची लाट आली होती. त्यांत कंबर आवळलेली आणि घेर फुगविलेला असे. बालेन्सियागा यांनी दुसरी वाट धरली. १९५१ च्या सुमारास त्यांनी असा कोट काढला की जो पुढून अंगासरशी बसे, पण पाठीकडून मोकळा राही. त्यांची कॉलर मानेपासून किंचित दूर उभी असे. तीमुळे मान लांब व डौलदार दिसे. बाही मनगटाच्या वर संपे. तीमुळे हात मोकळा राही आणि हातातील दागिनाही झाकला जात नसे. १९५७ साली तर त्यांनी कंबरच नसलेला सरळ झगा काढला. त्यास लोकांनी पोते म्हणून नावे ठेविली. थोड्याच वर्षांत तीच तऱ्हा जगभर पसरली. पोक्त वयाच्या आणि किंचित सुटलेल्या अंगाच्या स्त्रियाही त्यांचे कपडे घालून आत्मविश्वासाने चालत. अंगाने कपड्याच्या आज्ञेत राहावे असे त्यांस वाटत नसे. कपड्यानेच अंगास समजून घ्यावे, असा त्यांचा कटाक्ष होता. अर्थात हा सहजपणा फुकटचा नव्हे. २०१७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या पोशाखांची क्ष-किरण छायाचित्रे मांडली गेली, तेव्हा वरून साध्या दिसणाऱ्या काही पोशाखांच्या आत केवढी बांधणी लपविलेली आहे, हे लोकांनी पाहिले.

बाहीविषयी त्यांचा आग्रह तर दंतकथाच होऊन बसला आहे. पुरा झालेला कोटही बाही मनास न आल्यास ते उसवीत आणि पुन्हा बसवीत. कारागिरांस याचा जाच होत असणार हे उघड आहे. त्यांच्या कार्यशाळेत बोलणे थोडे असे. स्वतः ते वृत्तपत्रांस भेटत नसत आणि प्रदर्शनाच्या शेवटी प्रेक्षकांपुढेही येत नसत. त्यांच्या हाताखाली शिकलेले कूरेज आणि उंगारो पुढे स्वतः नामांकित झाले. डिसेंबर १९६० मध्ये बेल्जमच्या राजाशी विवाह करणाऱ्या फाबियोला यांचा वधूवेष त्यांनीच शिवला. ही वधू त्याच कासा तोरेस घराण्याची नात होती. लहानपणी ज्या घराच्या पोशाखांकडे टक लावून पाहिले, त्या घरचे ऋण त्यांनी अशा रीतीने फेडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु काळ पालटत होता. ठराविक मापांचे तयार कपडे दुकानांतून मिळू लागले. एकेका व्यक्तीच्या अंगावर तीन-तीनदा चढवून पाहण्यास ना वेळ उरला, ना तितके देणारे गिऱ्हाईक. आपले नाव तयार कपड्यांस देऊन पुष्कळ द्रव्य मिळविणे त्यांस अशक्य नव्हते. त्यांनी तसे न करता १९६८ साली पॅरिसचे आपले घर बंद केले. पुढे २३ मार्च १९७२ रोजी स्पेनमध्ये ते निवर्तले. गेतारिया येथेच त्यांस मूठमाती देण्यात आली, आणि २०११ पासून त्याच गावी त्यांच्या पोशाखांचे संग्रहालय उभे आहे.

दुकान बंद करण्याचा हा निर्णय योग्य होता काय? आपल्या कसोटीस न उतरणाऱ्या कामावर आपले नाव घालावयाचे नाही, हा बाणा थोरच. पण त्या घरात वर्षानुवर्षे सुई चालविणाऱ्या शेकडो हातांस एकाएकी दुसरे काम शोधावे लागले, हेही विसरता येत नाही. शिवाय त्यांचे पोशाख श्रीमंतांनाच परवडणारे. आणि ज्या तयार कपड्यांकडे त्यांनी पाठ फिरविली, त्यांनीच सामान्य घरांतील मुलांस स्वस्तात नेटके वस्त्र दिले. म्हणून या प्रश्नाचा निकाल आम्ही येथे देत नाही. वाचकांनी घरी याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र निःसंशय आहे. हाताने काम करणाऱ्यास बुद्धी लागत नाही असा समज आपल्याकडे अद्यापि पुष्कळ घरांत आहे, आणि मुलाने शिवणकाम शिकतो म्हटले तर आईबापांचा चेहरा उतरतो. अशा पालकांनी हे चरित्र अवश्य वाचावे. विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे की, आता शिंपीदादा कच्ची शिवण घातलेला सदरा अंगावर चढवून पाहण्यास बोलावतील, तेव्हा त्रासून पळू नये. नीट उभे राहावे, हात वर करून दाखवावा, आणि काखेत ओढ बसत असेल तर तसे स्पष्ट सांगावे.