कॅल्विन हॉल

कॅल्विन स्प्रिंगर हॉल (१८ जानेवारी, १९०९ - ४ एप्रिल, १९८५) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतील उंदरांची भीती व हालचाल मोजण्यासाठी त्यांनी १९३४ मध्ये मांडलेली मुक्त क्षेत्र चाचणी (ओपन फील्ड टेस्ट) आजही जगभर वापरली जाते. मानवी स्वप्नांच्या अभ्यासासाठीही ते ओळखले जातात.

जीवन

हॉल यांचा जन्म सिअ‍ॅटल येथे झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातील सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाला विरोध असल्याने पदवीच्या शेवटच्या वर्षी ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना एडवर्ड टोलमन व रॉबर्ट ट्रायन यांचे मार्गदर्शन लाभले. १९३३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९३७ ते १९५७ या काळात ते क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात मानसशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

मुक्त क्षेत्र चाचणी

प्राण्याला आपली भीती सांगता येत नाही. म्हणून ती बाहेरून मोजता येईल असे लक्षण हॉल शोधत होते. भ्यालेल्या प्राण्याला मलमूत्रविसर्जन होते, हे सर्वांना ठाऊक होते. हॉल यांनी त्याचेच मोजमाप केले. सुमारे १.२ मीटर व्यासाच्या, भोवती भिंत असलेल्या, उजेडी गोल रिंगणात ते एकेका उंदराला दररोज २ मिनिटे सोडत आणि त्याच्या लेंड्या, मूत्र व हालचाल यांची नोंद ठेवत. जागा परिचयाची होत गेली, तसे विसर्जन कमी होत गेले.

लेंड्यांची संख्या खरोखर भीतीच दाखवते काय, ही शंका उरत होती. त्यासाठी त्यांनी उपाशी उंदरांपुढे रिंगणातच अन्न ठेवले. अधिक विसर्जन करणारे उंदीर भूक असूनही अन्नाला तोंड लावत नसत. दोन वेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगत असल्याने मोजमापाला आधार मिळाला. पुढे निवडक पैदाशीतून त्यांनी भित्र्या व निर्भय उंदरांचे वेगवेगळे वंश तयार केले आणि हा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असल्याचे दाखवले.

मर्यादा व प्रभाव

केवळ हालचालीवरून भीती ठरवता येत नाही. निश्चल उंदीर भ्यालेला असेल, आजारी असेल किंवा औषधाने सुस्तावलेला असेल. धावणारा उंदीर सुटकेची वाट शोधत असेल. म्हणून पुढील संशोधकांनी उंदीर भिंतीलगत किती वेळ राहतो व मध्यभागी किती वेळ जातो, याचीही नोंद सुरू केली. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या उंचावरील अधिक-चिन्हाकृती चक्रव्यूहातही उघड्या व बंद वाटांवर घालवलेला वेळ मोजतात. महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत हालचाल मोजण्यासाठी प्रकाशकिरणांवर चालणारे अ‍ॅक्टोफोटोमीटर हे उपकरण परिचयाचे आहे. भारतात अशा प्रयोगांना प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते.

स्वप्नांचा अभ्यास

मोजणीची हीच दृष्टी हॉल यांनी स्वप्नांना लावली. स्वप्नातील पात्रे, भांडणे, मैत्री व भावना यांची गणना करणारी पद्धत त्यांनी रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांच्यासह १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे सुमारे ५०,००० स्वप्नांच्या नोंदी जमल्या होत्या. गार्डनर लिंडझी यांच्यासह लिहिलेले थिअरीज ऑफ पर्सनॅलिटी (१९५७) हे त्यांचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक होय.

मृत्यू

४ एप्रिल, १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे त्यांचे निधन झाले.