एका मृत्युपत्राचा विश्वस्त

लोकमान्य टिळक म्हटले की केसरीचे अग्रलेख, गणेशोत्सव, मंडालेचा तुरुंग हे सारे ओळीने आठवते. शाळेत आपण तेवढेच पाठ केलेले असते. पण याच टिळकांची अठरा वर्षे एका मृत मित्राच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्यात आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. ताईमहाराज प्रकरण या नावाने ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या चरित्रात ती मध्येच कुठे तरी अडचणीच्या पाहुण्यासारखी येते आणि वाचक पाने उलटून पुढच्या राजद्रोहाच्या खटल्याकडे जातो. मी मात्र तिथेच अडकलो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १८७२ साली वडील गंगाधरपंत वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. पुढे १८७९ मध्ये ते एल्‌एल्. बी. झाले. वकिलीचा काळा डगला मात्र त्यांनी चढवला नाही. न्यू इंग्लिश स्कूल, केसरी, मराठा, फर्ग्युसन कॉलेज हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे वर्ग हे त्यांच्या उपजीविकेचे एक साधन होते. म्हणजे वारसा, दत्तक, मृत्युपत्र हे विषय त्यांना मुखोद्गत असणार. असा माणूस आपल्या घरच्या कागदपत्रांत असावा असे कुणालाही वाटेल.

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज या पुण्याच्या सरदारांनाही तसेच वाटले. साल होते १८९७. पुण्यात प्लेग, जूनमध्ये रँडचा खून, जुलैच्या अखेरीस राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना अटक! ऑगस्टच्या आरंभी ते जामिनावर सुटले आणि लगेच, ७ ऑगस्टला, बाबामहाराजांना पटकीने गाठले. मृत्युशय्येवर त्यांनी मृत्युपत्र केले. विश्वस्त म्हणून टिळकांचे नाव घातले, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचे घातले. कुंभोजकर आणि नागपूरकर हेही त्यांत होते. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर तुरुंगवासाची तलवार टांगलेली, त्याच्याच हाती मित्र आपले घर सोपवून गेला आणि त्यानेही ते घेतले. नाही म्हणायला टिळकांजवळ किती सबळ कारण होते!

मृत्युपत्रातली व्यवस्था थोडक्यात अशी. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला तर तो वारस. मुलगा झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा आणि तो वयात येईपर्यंत मिळकत विश्वस्तांनी सांभाळावी. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. बंगालमध्ये तसे नव्हते. इथे मात्र मृत्युपत्राने संमतीची अट घातली होती, आणि साऱ्या तंट्याचे बीज त्या एका अटीत आहे, असे माझे मत आहे.

१८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि मार्चमध्ये तो गेला. टिळक तेव्हा शिक्षा भोगत होते. त्या सप्टेंबरात सुटून आल्यावर कामाला हात घातला, तो कर्जापासून. मिळकत मोठी पण कर्जात बुडालेली. खर्चाला कात्री लावल्यावाचून इलाज नव्हता. विश्वस्तांनी मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याबद्दलचा कोर्टाचा दाखला, मिळवला आणि वाड्यातला खर्च आवळत आणला. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या बाईला परक्या पुरुषांनी आपल्याच घरातल्या खर्चाचा हिशेब विचारावा, हे तिला कसे वाटले असेल? टिळकांचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. पण चरित्रे वाचताना ताईमहाराजांची बाजू त्यांच्या तोंडून कुठेच ऐकू येत नाही, ही गोष्ट मला सलते.

आमच्याकडे खेड्यात मृत्युपत्र हा शब्दच कुणी उच्चारत नाही. ते केले की मरण जवळ येते, अशी समजूत. माणूस गेला की तेराव्याच्या आधीच सातबाऱ्यावर कुणाची नावे लागायची याची कुजबुज सुरू होते, आणि बहिणींनी हक्क सोडून द्यावा हे त्यांना न विचारताच ठरते. म्हणून असेल, पण कागद करून ठेवलेल्या घरात तरी सारे सुरळीत होत असेल अशी माझी भाबडी कल्पना होती. या प्रकरणाने ती पार मोडली.

१९०१ च्या जूनमध्ये विश्वस्त ताईमहाराजांना घेऊन औरंगाबादला गेले. तिथे निधोने शाखेतला जगन्नाथ हा मुलगा पसंत करून दत्तक घेण्यात आला. पण पुण्याला परतल्यावर वारे फिरले. विश्वस्तांपैकीच नागपूरकर ताईमहाराजांच्या बाजूला गेले. त्यांनी प्रोबेट रद्द व्हावे म्हणून अर्ज केला, आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूर शाखेतल्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. एक मिळकत आणि दोन दत्तक!

आता प्रश्न उरला तो औरंगाबादला नेमके काय घडले याचा. दत्तक पूर्ण व्हायला मूल प्रत्यक्ष द्यावे लागते आणि घ्यावे लागते. नुसती पसंती पुरत नाही. हे देणेघेणे झाले, असे टिळकांनी शपथेवर सांगितले. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांना ते पटले नाही. एप्रिल १९०२ मध्ये त्यांनी प्रोबेट तर रद्द केलेच, वर टिळकांवर खोटी साक्ष वगैरे फौजदारी आरोप ठेवण्याची व्यवस्था केली. २४ ऑगस्ट १९०३ रोजी मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. सेशन्स कोर्टाने शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. राजद्रोहासाठी तुरुंगात जाणे ही गोष्ट वेगळी; लोक हार घालतात. मित्राच्या विधवेच्या भांडणात खोटारडा ठरून जाणे ही वेगळी. त्याच १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला, आणि त्याच साली वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला. हा माणूस कोणत्या धातूचा घडला होता, कळत नाही. अखेर मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले.

इथे थांबता आले असते. फौजदारी बालंट टळले होते, अब्रू परत मिळाली होती. जगन्नाथचा दिवाणी दावा सोडून दिला असता तर कोण बोलणार होते? टिळकांनी तो सोडला नाही. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने जगन्नाथच्या बाजूने निकाल दिला. १९१० मध्ये हायकोर्टाने तो फिरवला. टिळक तेव्हा मंडालेला होते. शेवटचे अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि २६ मार्च १९१५ रोजी जगन्नाथचे दत्तविधान कायदेशीर ठरले. त्याच वर्षी गीतारहस्य छापून निघाले. कर्मयोगावर लिहिणाऱ्याने बाबामहाराजांच्या मिळकतीपायी किती कर्म केले, हे त्या ग्रंथाच्या वाचकांना ठाऊक असायला हवे होते.

प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाच्या निकालावर एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. प्रतिष्ठित साक्षीदारांना कटवाले ठरवायचे असेल, तर त्यांना तसे उलटतपासणीत तोंडावर विचारायला हवे. न विचारता त्यांना मागाहून खोटे ठरवणे न्यायाचे नव्हे. हे तत्त्व आजही आपल्या न्यायालयांत सांगितले जाते, आणि त्यासाठी हाच निकाल दाखवतात. कायद्याच्या पुस्तकांत त्याचे नाव बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित असे आहे. श्रीनिवास पंडित म्हणजे दत्तक गेलेले बाळामहाराज. ताईमहाराजांचे नाव त्यात नाही. त्या हा निकाल ऐकायला नव्हत्या. १९०३ सालीच वारल्या होत्या.