युद्धातून वाचलेला लॉरेन्स बाईकवरून पडून गेला, पण त्याच्या मृत्यूने हेल्मेटचा विषय धसास लागला

पावसाळ्यातला रविवार म्हटला की लोणावळ्यात बाईकची रांग लागते. पुण्या-मुंबईतून पोरं पहाटे निघतात, हायवेवर हेल्मेट घालून नीट येतात. लोणावळ्यात चहा होतो, मग ठरतं की कुरवंड्याला जाऊ, नागफणी बघू. अंतर किती? जेमतेम काही किलोमीटर. मग हेल्मेट डोक्यावरून उतरतं आणि आरशाला लटकतं किंवा कोपरात जातं. कारण एकच, इथंच तर जायचंय.

कुरवंड्याजवळच्या या नागफणीला इंग्रजांनी नाव दिलं ड्यूक्स नोज. ड्यूक ऑफ वेलिंग्टन या ब्रिटिश सेनापतीच्या नाकासारखा तो कडा दिसतो म्हणून. ट्रेकला जाणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असते. पण त्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ज्याची गोष्ट माहीत करून घ्यावी असा ब्रिटिश फौजी दुसराच आहे. त्याचं नाव टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच लॉरेन्स ऑफ अरेबिया. तोही असाच, इथंच तर जायचंय म्हणून घरातून निघाला होता.

कोण होता हा लॉरेन्स?

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉग गावातला. शिक्षण ऑक्सफर्डला झालं. किल्ल्यांचं वेड इतकं की १९०९ मध्ये जुने किल्ले बघायला तो सीरियाभर पायी फिरला. पुढे तिकडेच कार्केमिश इथल्या उत्खननात काम केलं, अरबी शिकला.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हीच माहिती ब्रिटिश सैन्याच्या कामी आली. १९१६ मध्ये अरबांनी तुर्की सत्तेविरुद्ध बंड केलं. लॉरेन्स त्यांच्यात राहिला, त्यांचा पोशाख घातला, उंटावरून वाळवंट तुडवलं, तुर्कांचे रेल्वेमार्ग उडवले. जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर पडलं आणि त्याचं नाव झालं. युद्ध संपलं तेव्हा तो कर्नल होता. त्याच्यावर १९६२ मध्ये आलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर आठवेल की त्याची सुरुवात वाळवंटात होत नाही. ती होते एका मोटारसायकलवर.

प्रसिद्धीपासून पळाला, बाईकवर बसला

अरबांना दिलेली आश्वासनं ब्रिटिशांनी पाळली नाहीत याचा लॉरेन्सला त्रास होत होता. त्यात प्रसिद्धी नकोशी झालेली. १९२२ मध्ये या कर्नलने काय करावं? नाव बदलून हवाई दलात सर्वात खालच्या हुद्द्यावर भरती झाला. वर्तमानपत्रांना कळल्यावर बाहेर पडावं लागलं. मग शॉ हे आडनाव घेऊन तो रणगाडा दलात गेला आणि १९२५ मध्ये परत हवाई दलात आला.

याच काळात त्याच्या आयुष्यात ब्रफ सुपीरियर आली. नॉटिंगहॅममध्ये जॉर्ज ब्रफ बनवत असलेली ही गाडी तेव्हा मोटारसायकलींमधली रोल्स रॉइस मानली जायची. तिचं एसएस १०० हे मॉडेल ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर वेगाने पळायचं. लॉरेन्सने एकामागून एक अशा सात ब्रफ वापरल्या. आठवीची ऑर्डर दिलेली होती.

बराकीतल्या कंटाळवाण्या आयुष्यात बाईक हीच त्याची सुटका होती. हवाई दलातल्या दिवसांवर त्याने लिहिलेल्या 'द मिंट' या पुस्तकात रस्त्यावरून विमानाशी लावलेल्या शर्यतीचं वर्णन आहे. वेगाची धुंदी त्याला आवडायची आणि त्याने ती कधी लपवली नाही. आपण सगळे बाईकवाले ज्याला फील म्हणतो, ते हेच.

मधली दोन वर्षं तो आपल्याकडेही होता. जानेवारी १९२७ मध्ये तो कराचीच्या हवाई तळावर आला. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. पुढे त्याची बदली अफगाण सीमेजवळच्या मिरानशाहला झाली. तो तिथे हेरगिरी करतोय अशा बातम्या वर्तमानपत्रांत छापून आल्या आणि सरकारने १९२९ च्या सुरुवातीला त्याला इंग्लंडला परत बोलावून घेतलं.

दुसऱ्यांचे जीव वाचवणारा वेग

१९३१ मध्ये प्लिमथजवळ त्याच्या डोळ्यांदेखत हवाई दलाचं एक सीप्लेन समुद्रात कोसळलं. तो बचावकार्यात उतरला. तेव्हाच्या बोटी इतक्या संथ होत्या की बुडणाऱ्यांपर्यंत वेळेत पोचणं मुश्कील होतं. पुढची काही वर्षं लॉरेन्सने वेगवान बचाव बोटींची चाचणी घेणं, त्यात सुधारणा सुचवणं यातच घालवली. दुसऱ्या महायुद्धात अशाच वेगवान बोटींनी समुद्रात पडलेल्या वैमानिकांना बाहेर काढलं.

म्हणजे सुरक्षिततेची समज त्याला नव्हती असं नाही. दुसऱ्यांचा जीव वाचवायला त्याने वर्षं घालवली. स्वतः मात्र तो उघड्या डोक्याने बाईक चालवायचा. त्यात एकट्या त्याला दोष देता येणार नाही. शर्यतीत उतरणारे चालक १९१४ पासून हेल्मेट घालत होते. पण हेल्मेट ही ट्रॅकवरची गोष्ट, रोजच्या रस्त्यावर तिची गरज काय, असंच तेव्हा सगळे समजत होते.

१३ मे १९३५

फेब्रुवारी १९३५ मध्ये लॉरेन्स हवाई दलातून निवृत्त झाला आणि डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या छोट्या घरात राहायला आला. १३ मे रोजी तो जवळच्या बोव्हिंग्टन छावणीत एका मित्राला तार करायला गेला. काही मिनिटांचा रस्ता, शेकडो वेळा गेलेला. तार केली आणि घराकडे वळला.

घराच्या अलीकडे रस्त्याला चढउतार होते. खोलगट भागात काय आहे ते वरून दिसत नसे. तिथे सायकलवर दोन मुलं होती. ती अचानक समोर दिसली तेव्हा त्यांना वाचवायला लॉरेन्सने गाडी वळवली. एका सायकलला धक्का लागला आणि लॉरेन्स हँडलवरून पुढे फेकला गेला.

तो त्या दिवशी शंभर मैलांच्या वेगाच्या जवळपासही नव्हता. दोन्ही मुलं वाचली. लॉरेन्सच्या डोक्याला जबर मार बसला. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे १९३५ ला गेला. वय ४६. अंत्यविधीला विन्स्टन चर्चिल आले होते.

गोष्ट इथे संपत नाही

लॉरेन्सवर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे मेंदूचे सर्जन होते. एवढा माणूस निव्वळ डोक्याच्या दुखापतीने जावा, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली.

चार वर्षांत दुसरं महायुद्ध लागलं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद असायचे आणि त्याच अंधारात लष्कराचे निरोप पोचवणारे जवान बाईकवरून पळायचे. अपघात वाढले. केर्न्स यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. बहुतेकांच्या मृत्यूचं कारण डोक्याला मार. अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले फक्त सात जण केर्न्स यांना सापडले. ते सातही जण वाचले होते.

सात ही संख्या लहान होती, पण दिशा दाखवायला पुरेशी होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटिश लष्कराने कामावरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं केलं. त्यानंतर मोटारसायकलवरच्या मृत्यूंचा आकडा खाली येत गेला हे केर्न्स यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं. सर्वसामान्यांसाठी कायदा व्हायला मात्र १९७३ साल उजाडलं. तो बघायला केर्न्स नव्हते. १९५२ मध्येच ते गेले.

हेल्मेट नेमकं करतं काय?

डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा कवटी जागच्या जागी थांबते, पण आतला मेंदू पुढे जातच राहतो. तो कवटीवर आदळतो, पिळवटतो. हेल्मेटचं बाहेरचं कडक कवच मार पसरवतं आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपला जातो. त्या चेपण्यात डोकं थांबायला काही क्षणांश जास्त मिळतात आणि त्यावरच जीव टिकतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं असतं. पट्टा लावला नसेल तर आधी हेल्मेट उडतं आणि मग डोकं आपटतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट लागतं. तरी पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात कितीदा आंदोलनं झाली हे आपण पाहिलंय. त्यातलं एक ठरलेलं म्हणणं असतं, की हायवेवर ठीक आहे, शहरात हळू गाडी चालवताना कशाला?

लॉरेन्सचा शेवटचा प्रवास हेच सांगतो. वाळवंटातल्या लढाया, विमानाशी शर्यत, सात ब्रफ सुपीरियर, या सगळ्यातून तो सुखरूप निघाला. गेला तो घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर, पुढचं न दिसणाऱ्या एका उतारावर.

कुरवंड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. त्या धुक्यात गुरं असतात, शाळेतून येणारी पोरं असतात, फोटो काढायला थांबलेले पर्यटक असतात. तिथे वेग कमी हवाच. आणि आरशाला लटकवलेलं हेल्मेट डोक्यावर हवं, भले इथंच का जायचं असेना.