लाल मण्यांचा खेळ मांडणारे डेमिंग आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचं मोजमापाचं कोडं

एका डब्यात ४००० मणी. ३२०० पांढरे, ८०० लाल. समोरच्या लोकांमधून सहा जणांना पुढं बोलवायचं, ५० खड्डे असलेली पट्टी हातात द्यायची आणि सांगायचं, पट्टी डब्यात बुडवा आणि फक्त पांढरे मणी काढा. लाल मणी म्हणजे खराब माल.

आता डब्यातच लाल मणी आहेत म्हटल्यावर ते येणारच. कुणाच्या पट्टीत सात, कुणाच्या चौदा. मग साहेब सातवाल्याचं कौतुक करणार आणि चौदावाल्याला झापणार. पुढच्या फेरीत आकडे उलटे झाले की कौतुक आणि बोलणीही उलटी. शेवटी काही जणांची नोकरीच जायची.

हा साहेब व्हायचे विल्यम एडवर्ड्स डेमिंग. आणि समोर बसलेले असायचे मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर.

कोण होते डेमिंग?

जन्म १९०० चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. लहानपण वायोमिंगमध्ये हलाखीत गेलं. आधी इंजिनिअरिंग केलं, मग १९२८ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. सरकारी नोकरीत असताना त्यांची गाठ पडली बेल लॅब्जच्या वॉल्टर शूहार्ट यांच्याशी.

शूहार्ट यांचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही कामाचे आकडे रोज थोडे वरखाली होतातच. त्यातली नेहमीची हालचाल कुठली आणि खरोखर काहीतरी घडल्याची खूण कुठली, हे आधी ओळखायला हवं. डेमिंग यांनी आयुष्यभर हाच धागा धरला. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत नमुना पाहणीचं तंत्र आणण्यातही त्यांचा मोठा हात होता.

जपानने ऐकलं, अमेरिकेने नाही

१९५० मध्ये जपानच्या इंजिनिअरांच्या संघटनेने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. युद्धात देश बेचिराख झाला होता आणि जपानी माल म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ अशी ख्याती होती. डेमिंग यांनी तिथे इंजिनिअरांसोबत कंपन्यांच्या मालकांनाही शिकवलं. छोटा बदल ठरवा, करून बघा, निकाल अभ्यासा, मग पुढचं पाऊल टाका. व्याख्यानांच्या छापील प्रतींचं मानधन त्यांनी घेतलं नाही. १९५१ पासून त्यांच्या नावाने डेमिंग पुरस्कार सुरू झाला. २००३ मध्ये मुंबईच्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानेही तो पटकावला.

मायदेशात मात्र सामान्य माणसाला हे नाव माहीत व्हायला १९८० उजाडलं. जपानी गाड्यांनी अमेरिकन कंपन्यांना घाम फोडला होता, तेव्हा एनबीसी वाहिनीच्या एका माहितीपटात डेमिंग झळकले. लगेच फोर्डने त्यांना बोलावलं. तेव्हा वय होतं ऐंशी.

मग सॉफ्टवेअरचा संबंध काय?

डेमिंग १९९३ मध्ये गेले. अजाइलचा जाहीरनामा आला २००१ मध्ये, युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांच्या बैठकीतून. पण थोडं करा, तपासा, सुधारा हे त्यातलं चक्र डेमिंग यांच्या चक्राच्या घरातलंच.

गोची पुढे आहे. हजारो लोकांच्या कंपनीत अजाइल आणलं की वर बसलेले विचारतात, फायदा किती झाला? सगळ्यात सोपा आकडा असतो व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये टीमने संपवलेले स्टोरी पॉइंट. पण हे पॉइंट टीमनेच अंदाजाने ठरवलेले असतात. टार्गेट दिलं की पाचचं काम आठचं होतं. आलेख वर जातो, काम तिथंच राहतं. दोन टीमची तुलना तर आणखी अवघड, प्रत्येकाने आपापल्या घरच्या वाटीने तांदूळ मोजल्यासारखी.

डेमिंग यांच्या १४ मुद्द्यांमध्ये आकड्यांचे कोटे बंद करा आणि लोकांच्या मनातली भीती घालवा, हे दोन्ही होतं. घाबरलेला माणूस काम सुधारण्याआधी आकडा सुधारतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, या अर्थाचं वाक्य त्यांच्या नावावर खपवलं जातं. प्रत्यक्षात त्यांनी या समजुतीला महागात पडणारा भ्रम ठरवलं होतं.

मग मोजायचंच नाही का?

मोजायचं, पण त्यांच्या रीतीने. अजाइल येण्याआधीचे बरेच आठवडे मांडायचे. मागणी आल्यापासून ते ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत किती दिवस लागतात, किती रिलीज फसतात, हे बघायचं. त्याची नेहमीची वरखाली हालचाल कळली की मगच नंतरचे आकडे त्याशेजारी ठेवायचे. एका चांगल्या महिन्यावर पेढे वाटायचे नाहीत.

दुसरी काळजी टीम निवडताना. उत्साही टीम आधी पुढे येतात आणि त्या मुळातच चांगल्या असतात. त्यांचं यश अजाइलच्या खात्यावर जमा केलं की हिशेब चुकलाच. त्याच काळात नवी साधनं किंवा नवी माणसं आली असतील, तर तेही वेगळं काढावं लागतं.

२०१८ मध्ये गाजलेल्या अॅक्सिलरेट या पुस्तकानेही पॉइंट बाजूला ठेवून रिलीज किती वेळा होतात, बदल पोचायला किती वेळ लागतो, किती बदल फसतात आणि बिघाड किती लवकर दुरुस्त होतो, या चार गोष्टींवर भर दिला.

आणि हे आकडे हातात आल्यावरही मण्यांचा खेळ विसरायचा नाही. कारण पट्टी धरणाऱ्याला कितीही झापलं तरी डब्यातले ८०० लाल मणी कमी होत नाहीत. डबा बदलायचं काम साहेबाचं असतं.