समजून घ्या : पॅप टेस्ट शोधणारे डॉ. पापानिकोलाऊ कोण होते? धाराशिवशी या टेस्टचा काय संबंध?

डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १८८३ मध्ये ग्रीसमधील किमी गावात झाला. १९१३ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासोबत न्यूयॉर्कला गेले. सुरुवातीला दुकानात गालिचे विकले, मग कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये संशोधन सुरू केलं.

शोध कसा लागला?

गिनीपिगच्या योनीमार्गातील स्राव ते मायक्रोस्कोपखाली तपासत. नंतर महिलांचे नमुने तपासले. मेरी यांनी अनेक वर्षं स्वतःचे नमुने दिले. काही नमुन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे मांडलं, पण डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं. १९४१ मध्ये डॉ. हर्बर्ट ट्रॉट यांच्यासोबतचा शोधनिबंध आला आणि चित्र बदललं. १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

फायदा काय?

पेशी बदलू लागतानाच कळलं, तर तेवढाच भाग काढता येतो. उशीर झाला, तर मोठी शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी लागू शकते.

धाराशिवमध्ये काय झालं?

लोहारा तालुका असलेल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. पॅप टेस्टच्या गटात मृत्यू फारसे घटले नाहीत. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

टेस्ट बदलली, पापानिकोलाऊंचा धडा तोच राहिला : त्रास सुरू होण्याआधी तपासणी. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.