ज्यांच्या रंगाने मेंदू दिसला, त्यांनाच तो वेगळा दिसला : कॅमिलो गॉल्जी यांची गोष्ट

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली पेशीची आकृती आठवतेय? मधोमध गोल केंद्रक, इकडेतिकडे शेंगदाण्यासारख्या तंतुकणिका आणि एका बाजूला एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या. त्या पिशव्यांकडे बाण काढून लिहायचं असायचं, गॉल्गी संकुल. नाव पाठ केलं, मार्क मिळाला, विषय संपला.

पण हे नाव एका माणसाचं आहे. इटलीतले डॉक्टर कॅमिलो गॉल्जी. मूळ इटालियन उच्चार गॉल्जी असा, आपल्या पुस्तकांमध्ये तो गॉल्गी झाला.

या माणसाच्या आयुष्यात दोन मोठे वाद झाले. एका वादात ते जगातल्या सर्वात मोठ्या स्टेजवर उभे राहून चुकले. दुसऱ्या वादात ते बरोबर होते, पण ते सिद्ध झालं तेव्हा त्यांना जाऊन २८ वर्षं झाली होती. आणि गंमत म्हणजे दोन्ही वादांचा निकाल एकाच यंत्राने लावला.

डॉक्टरच्या घरातला मुलगा

गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ चा. उत्तर इटलीत आल्प्सच्या डोंगरात कोर्तेनो नावाचं एक छोटं गाव आहे, तिथला. वडील डॉक्टर होते. मुलगाही त्याच वाटेने गेला आणि १८६५ मध्ये पाव्हिया विद्यापीठातून डॉक्टर झाला.

सुरुवातीला त्यांनी मानसिक आजारांवर काम केलं. त्या काळात डॉक्टरांना पेशंटची लक्षणं दिसायची, पण मेंदूच्या आत काय बिघडलंय हे कळायला मार्ग नव्हता. पाव्हियात त्यांना ज्युलिओ बिझ्झोझेरो भेटले. वयाने गॉल्जींपेक्षा लहान, पण मायक्रोस्कोपमध्ये तरबेज. रक्तातल्या प्लेटलेट्सचं काम पुढे याच बिझ्झोझेरोंनी दाखवून दिलं. त्यांच्या संगतीत गॉल्जींना मायक्रोस्कोपचं वेड लागलं.

वेडाने पोट भरत नाही. पाव्हियात पक्की नोकरी नव्हती. शेवटी १८७२ मध्ये त्यांनी मिलानजवळच्या अब्बियातेग्रासो या गावी एका हॉस्पिटलची नोकरी धरली. बऱ्या न होणाऱ्या, जुनाट आजारांच्या पेशंटसाठीचं हे हॉस्पिटल. संशोधनाची सोय शून्य. करिअर इथेच संपलं, असं कुणालाही वाटलं असतं.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली लॅब

गॉल्जींनी हॉस्पिटलमधल्या एका छोट्या स्वयंपाकघराचीच लॅब केली. हाताशी मायक्रोस्कोप आणि मोजकी रसायनं.

अडचण काय होती? मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की काहीच धड दिसत नसे. मेंदूत पेशी इतक्या दाटीने असतात आणि त्यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की सगळ्यांना एकदम रंग दिला की नुसता गिचमिड काळोख. आणि रंग दिलाच नाही तर सगळं पारदर्शक. एका पेशीचा धागा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

गॉल्जींनी मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवून घट्ट केले आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवले. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे फोटोग्राफीत वापरलं जाणारं चांदीचं संयुग. या दोन रसायनांची क्रिया होऊन सिल्व्हर क्रोमेटचे बारीक काळपट स्फटिक तयार होतात.

हे स्फटिक सगळ्या पेशींमध्ये भरत नाहीत. शेकड्यातल्या अगदी मोजक्या पेशी काळ्या होतात. पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत, फांद्यांसकट होतात. पिवळसर पार्श्वभूमीवर एखादं काळं झाड उभं असावं तसं. दाट जंगलातली दोन-चार झाडंच दिसावीत आणि बाकीची गायब व्हावीत, तेव्हाच त्या झाडांचा खरा आकार कळतो. इथे तेच झालं.

फेब्रुवारी १८७३ मध्ये एका मित्राला पाठवलेल्या पत्रात त्यांनी ही खुशखबर कळवली. त्याच वर्षी त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे या पद्धतीला ब्लॅक रिअ‍ॅक्शन हे नाव पडलं. पण मजकूर इटालियन भाषेत, लिहिणारा एका लहान गावातला डॉक्टर. पुढची दहा-बारा वर्षं बाहेरच्या जगात फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

ताप नेमक्या दिवशीच का येतो?

दरम्यान गॉल्जी पाव्हियाला परतले आणि प्रोफेसर झाले. पाव्हियाचा परिसर भातशेतीचा, पाणथळ. म्हणजे मलेरिया घरोघरी. फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांना १८८० मध्ये मलेरियाच्या पेशंटच्या रक्तात परजीवी सापडला होता. १८८५ पासून गॉल्जी त्याच्या मागे लागले.

मलेरियाचा ताप घड्याळ लावल्यासारखा येतो. कुणाला एक दिवस सोडून, कुणाला दोन दिवस सोडून. पेशंटचं रक्त ठरावीक वेळाने तपासत गॉल्जींनी यामागचं कारण शोधलं. परजीवी लाल रक्तपेशीच्या आत शिरतो, वाढतो, त्याचे अनेक तुकडे होतात आणि मग पेशीचं आवरण फाडून ते सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. तो क्षण म्हणजे थंडी वाजून ताप भरण्याचा क्षण. आणि दोन प्रकारच्या तापांमागे दोन वेगळे परजीवी असतात, एकाची फेरी ४८ तासांची तर दुसऱ्याची ७२ तासांची.

एवढं एकच काम केलं असतं, तरी वैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलं असतं.

जाळं की सुट्या पेशी?

आता पहिला वाद.

मेंदूच्या पेशी दिसायला लागल्या, पण त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत? गॉल्जींचं मत ठाम होतं. पेशींमधून निघणारे लांब धागे फांद्या फोडत एकमेकांत विलीन होतात आणि त्यातून मेंदूभर एक अखंड जाळं तयार होतं. मेंदू काम करतो तो एकसंध, सुटी पेशी महत्त्वाची नाही. हे मत त्यांचं एकट्याचं नव्हतं, त्या काळातले कितीतरी मोठे शास्त्रज्ञ असंच मानत होते.

१८८७ मध्ये स्पेनमधल्या सांतियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने माद्रिदला एका सहकाऱ्याकडे गॉल्जींच्या पद्धतीने रंगवलेली स्लाइड पाहिली. काहाल गॉल्जींपेक्षा नऊ वर्षांनी लहान. बघताक्षणी ते या पद्धतीच्या प्रेमात पडले. त्यांनी तीत सुधारणा केली, रंग देण्याची क्रिया दोनदा केली. शिवाय मोठ्या जनावरांऐवजी गर्भातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा मेंदू घेतला, कारण तिथे धागे तोकडे असतात आणि गुंता कमी असतो.

काहाल यांना जाळं दिसलं नाही. धागे दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जाऊन थांबतात, तिच्यात मिसळत नाहीत, असं त्यांना दिसलं. मेंदू सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे त्यांनी १८८८ मध्ये पदरमोड करून काढलेल्या त्रैमासिकात मांडलं. १८९१ मध्ये या सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव मिळालं आणि बघता बघता बहुतेक शास्त्रज्ञ काहाल यांच्या बाजूने गेले.

थोडक्यात काय, गॉल्जींच्याच हत्याराने गॉल्जींचा सिद्धांत मोडीत निघत होता.

स्टॉकहोम, डिसेंबर १९०६

१९०६ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार या दोघांना मिळून देण्यात आला. वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांमध्ये विभागलं जाण्याची ही पहिलीच वेळ. दोघे समोरासमोर आले तेही स्टॉकहोमलाच.

११ डिसेंबरला गॉल्जींचं भाषण झालं. आपल्या रंगपद्धतीबद्दल, मेंदूतल्या शोधांबद्दल ते बोलतील असं लोकांना वाटलं असणार. त्यांनी विषय निवडला न्यूरॉन सिद्धांताचा, आणि तोही खोडून काढण्यासाठी. शेजारी बसलेल्या सहविजेत्याचं आयुष्यभराचं काम चूक आहे, असा त्या भाषणाचा एकूण सूर होता. दुसऱ्या दिवशी काहाल बोलले आणि त्यांनी आपले पुरावे मांडले. काहाल यांना झाला प्रकार चांगलाच लागला, आपल्या आत्मचरित्रात त्यांनी याबद्दल कडवटपणे लिहिलंय.

गॉल्जींनी आपलं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

घुबडाच्या मेंदूतली नक्षी

आता दुसरा वाद. यासाठी थोडं मागे, १८९८ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी गॉल्जी गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतल्या पेशी बघत होते. रंगपद्धतीत त्यांनी थोडा बदल केला होता. या वेळी पेशीचा बाह्य आकार काळा झाला नाही. पेशीच्या आत, केंद्रकाभोवती, एक नाजूक जाळीदार नक्षी उमटली. एप्रिल १८९८ मध्ये पाव्हियाच्या वैद्यकीय सभेत त्यांनी तिची माहिती दिली आणि तिला अंतर्गत जाळीदार यंत्रणा असं नाव दिलं.

पुढे इतरांना ही नक्षी वेगवेगळ्या प्राण्यांच्या पेशींमध्ये दिसली. पण कधी दिसायची, कधी नाही. रसायन बदललं की आकार बदलायचा. जिवंत पेशीत तर ती नीट दिसायचीच नाही. त्यामुळे अनेक शास्त्रज्ञांनी सरळ सांगितलं की अशी काही वस्तू पेशीत नाहीच, चांदी आणि ऑस्मियमसारख्या रसायनांनी पाडलेला हा डाग आहे.

ही शंका अगदीच गैर नव्हती. रंग देऊन बघायचं म्हणजे पेशी मारायची, रसायनात मुरवायची आणि मग जे दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा. त्यात खरं किती आणि रसायनाचा खेळ किती, हे ठरवणार कसं?

हा वाद तब्बल ५० वर्षांहून जास्त चालला. गॉल्जी तोपर्यंत थांबले नाहीत. पाव्हिया विद्यापीठाचे रेक्टर, इटलीच्या संसदेत सिनेटर, पहिल्या महायुद्धात पाव्हियातल्या लष्करी हॉस्पिटलची जबाबदारी, हे सगळं सांभाळून २१ जानेवारी १९२६ रोजी पाव्हियातच त्यांचं निधन झालं. तेव्हाही त्यांची ती नक्षी खरी की खोटी, हे ठरलेलं नव्हतं.

एक यंत्र, दोन निकाल

साध्या मायक्रोस्कोपला एक मर्यादा आहे. प्रकाशाच्या लहरीपेक्षा फार बारीक वस्तू त्याला वेगळ्या दाखवता येत नाहीत. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशींचे काप बघायला सुरुवात झाली आणि ही भिंत पडली.

१९५४ मध्ये अल्बर्ट डाल्टन आणि मेरी फेलिक्स यांनी या यंत्रातून गॉल्जींची नक्षी स्पष्ट दाखवली. पातळ पडद्यांच्या चपट्या पिशव्या, एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्या कडांना छोटे छोटे बुडबुडे. डाग नव्हता. खरीखुरी वस्तू होती.

त्याच दशकात, त्याच यंत्राने मेंदूच्या दोन पेशींमधला सांधाही दाखवला. तिथे एक फट निघाली. साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या वीसेक भागांएवढी. दोन्ही पेशींची आवरणं वेगळी, मधे रिकामी जागा. काहाल बरोबर होते.

जॉर्ज पालाडे यांचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. मेंदूतल्या या फटीची सुरुवातीची छायाचित्रं काढणाऱ्यांत ते होते. १९४९ मध्ये त्यांनी आणि अल्बर्ट क्लॉड यांनी गॉल्जींची नक्षी म्हणजे रसायनाचा खेळ आहे, असं लिहिलं होतं. पुरावा आला तसं पालाडेंनी मत बदललं. १९६० च्या दशकात स्वादुपिंडाच्या पेशींमध्ये किरणोत्सारी खूण लावलेल्या प्रथिनांचा माग काढत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पेशीत तयार झालेली प्रथिनं गॉल्जींच्या या पिशव्यांमधूनच पुढे जातात. १९७४ च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा होता. क्लॉड हेही त्या पुरस्काराचे मानकरी होते.

या पिशव्या करतात काय?

पोस्टाचं सॉर्टिंग ऑफिस डोळ्यांसमोर आणा. पेशीत प्रथिनं तयार होतात आणि आंतर्द्रव्यजालिकेतून छोट्या बुडबुड्यांत बसून गॉल्जी संकुलात येतात. एका बाजूने आत शिरतात. वाटेत विकरं त्यांना साखरेचे रेणू जोडतात, काही काढतात. दुसऱ्या बाजूला पोचल्यावर ठरतं की कोण पेशीच्या आवरणात जाणार, कोण पेशीच्या बाहेर आणि कोण लयकारिकेत.

तुमचा रक्तगट ए असो की बी, लाल पेशींवरची ती ओळख म्हणजे एक जादा साखर असते आणि ती जोडली जाते या पिशव्यांमध्ये. इन्शुलिन रक्तात येण्याआधी त्याचं पॅकिंगही इथेच होतं.

गॉल्जींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त घुबडाच्या पेशीत एक काळी नक्षी दिसली होती, आणि ती खरी आहे असं ते सांगत राहिले. मेंदूतलं जाळंही खरं आहे, असं ते तितक्याच ठामपणे सांगत राहिले होते. माणूस तोच, हट्टही तोच. निकाल मात्र हट्टाने लागला नाही. तो लागला त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या यंत्राने, एकदा त्यांच्या विरुद्ध आणि एकदा त्यांच्या बाजूने.

आज त्यांच्या जन्मगावाचं नावही कोर्तेनो गॉल्जी आहे. आणि दोघांपैकी कोणाचं नाव शाळेच्या पुस्तकातल्या बाणापुढे लिहिलं जातं, ते तर तुम्हाला पाठच आहे.