भिंतीविना तुरुंग : औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द येथे जे प्रचंड धरण उभे आहे, त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली आणि तेथील माणसे नव्या वसाहतींत राहावयास आली. नवे घर बांधता येते, पण गाव बांधता येत नाही, हे त्या परिसरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. शेजार तुटतो, जमिनीचा तुकडा जातो आणि आपल्याला नावाने ओळखणारी माणसे पांगतात.

तुरुंगातून शिक्षा भोगून सुटलेल्या मनुष्याची अवस्था याहून फार वेगळी नसते. त्याचे गाव जागच्या जागी असते, परंतु त्याच्यापुरते ते बुडालेले असते. जमीन वकिलाच्या फीपायी गहाण पडलेली असते. पत्नी माहेरी गेलेली असते, मुले मामाकडे वाढत असतात. कामावर कोणी घेत नाही, आणि आसपास कोठे चोरी झाली की पोलिसांचे पहिले बोलावणे त्यालाच येते. अशा मनुष्याला आपला म्हणणारे जर कोणी उरले असेल, तर ते तुरुंगातले सोबती. तो पुन्हा गुन्ह्याकडे वळला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तुरुंगात मनुष्याला कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. केव्हा उठावे, काय खावे, कोणते काम करावे, केव्हा निजावे, हे सारे घंटा ठरविते. दहा वर्षे घंटेप्रमाणे चाललेल्या मनुष्याला एके दिवशी फाटकाबाहेर सोडून आपण त्याच्याकडून जबाबदारीने वागण्याची अपेक्षा धरतो. ही जबाबदारी तो शिकणार कोठे?

या प्रश्नाला महाराष्ट्रातील एका लहानशा संस्थानाच्या राजाने आपल्या सत्तरीत एक उत्तर दिले. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव, ऊर्फ बाळासाहेब, पंतप्रतिनिधी. आज त्यांची ओळख आहे ती सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकलेचे आश्रयदाते म्हणून. औंधच्या यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय पाहावयास शाळांच्या सहली जातात. परंतु त्यांच्या ज्या कार्याची आज सर्वांत अधिक गरज आहे, त्याची आठवण फारशी निघत नाही.

भवानरावांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १९०९ साली औंधच्या गादीवर बसले. संस्थान अवघ्या बहात्तर गावांचे, आणि तीही सलग नव्हेत. आजच्या सातारा, सांगली व विजापूर जिल्ह्यांत विखुरलेली. राजे स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करीत. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेस त्यांनी लाखाचे साहाय्य देऊ केले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सूर्यनमस्कारांच्या बाबतीत मात्र ते इतके आग्रही होते की संस्थानातील शाळकरी मुलांची त्यातून सुटका नव्हती. शिस्तीचा एवढा भोक्ता असलेला राजा तुरुंगाच्या भिंती पाडावयास निघेल, असे त्या वेळी कोणाला वाटले नसेल.

पण माणसावर विश्वास टाकण्याची सवय त्यांना आधीपासून होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखान्यासाठी जागा शोधीत होते. राजांनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ दिला आणि त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच लक्ष्मणरावांनी पुढे आपल्या वसाहतीच्या रात्रीच्या राखणीचे काम शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर सोपविले होते. औंधच्या मातीत ही कल्पना अगदीच नवी नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

खरे वळण आले ते १९३८ च्या अखेरीस. भवानरावांनी आपले राज्याधिकार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र बॅरिस्टर अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे गृहस्थ आपल्या विदर्भातील सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. त्यांच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. फ्रीडमन हे वॉर्सा येथे जन्मलेले पोलिश ज्यू. व्यवसायाने अभियंते, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख. पण मनाने संन्यासी. भारतानंद हे नाव त्यांनी घेतले होते.

गुन्हेगारांची वसाहत ही कल्पना याच फ्रीडमन यांची. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तुरुंगातून काढून माळावर वसवावे, भिंत नको, बेड्या नकोत, बंदुकधारी शिपाई नको. त्यांची बायकामुले त्यांच्याजवळ राहावीत आणि जमीन कसून त्यांनी आपले पोट भरावे. राजांनी यास मान्यता दिली, आणि १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ अशी वसाहत उभी राहिली. तिला नाव मिळाले स्वतंत्रपूर.

कैद्यांच्या वस्तीला हे नाव देण्यात थट्टा नव्हती. स्वतंत्रपूरच्या कैद्याची शिक्षा संपलेली नसे. परंतु आज विहिरीवर मोट धरावयाची की बांध घालावयाचा, मुलाला शाळेत पाठवावयाचे की गुरांमागे, आलेल्या धान्यातले किती विकावयाचे, हे त्याला स्वतः ठरवावे लागे. चुकले तर त्याचे फळ त्याच्याच ताटात पडे. पळून जाणे सोपे होते. पण पळाल्यास बायकामुलांना आणि हिरव्या होऊ लागलेल्या वावराला मुकावे लागले असते. त्या माळावर भिंत नव्हती हे खरे, पण माणसाला धरून ठेवणारे काही नव्हते, असे नाही.

आमच्या मते स्वतंत्रपूरचे मर्म दयेत नाही, क्रमात आहे. आपण शिक्षा आधी व पुनर्वसन नंतर, असा क्रम लावतो. आणि ते नंतर बहुधा येतच नाही. भवानरावांच्या राज्यात शिक्षा चालू असतानाच घर, शेत आणि जबाबदारी मिळाली. सुटकेच्या दिवशी त्या मनुष्याला सारे नव्याने जमवावे लागत नसे.

हे जेव्हा घडत होते, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात याच्या नेमके उलट वारे होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. त्यांच्यासाठीही वसाहती होत्या, पण त्या हजेरीच्या आणि कुंपणाच्या. अशा काही वसाहती ख्रिस्ती मिशनांनी व साल्वेशन आर्मीने चालविल्या, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. तेथे शाळा होत्या, उद्योग होते, सेवाभावही होता. नव्हता तो विश्वास. संध्याकाळी हजेरी चुकली की मनुष्य पुन्हा अपराधी ठरे. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले, आणि शिक्का पुसला जाणे तर अजून बाकी आहे.

स्वतंत्रपूरविषयी भाबडेपणाने बोलणेही योग्य नव्हे. ती वसाहत लहान होती. राजा, राजपुत्र आणि फ्रीडमन यांच्यासारखी माणसे पाठीशी होती. प्रत्येक गुन्हेगार असा मोकळा सोडता येईल, असा दावा कोणी समंजस मनुष्य करणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या भीतीचाही विचार करावा लागतो. शिवाय ज्याच्याजवळ कुटुंबच उरलेले नाही, त्याला या योजनेतून काय मिळणार, हा प्रश्न राहतोच.

संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. एप्रिल १९५१ मध्ये भवानराव निवर्तले. सहा वर्षांनी, १९५७ साली, व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर आटपाडीच्याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांना हा माळ पुस्तकातून शोधावा लागला नव्हता. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्या चित्रपटाला रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला. पडद्यावरचा जेलर एकटाच सहा कैद्यांना सुधारतो आणि शेवटी प्राण देतो. प्रत्यक्षात कोणी एकट्याने हे केले नव्हते, आणि कैद्यांच्या बायकामुलांचा वाटा तर पडद्यावर आलाच नाही.

येरवडा, पैठण व मोर्शी येथील खुली कारागृहे नंतरची. औंधची गादी गेली, पंचायतींची ती घटनाही गेली. स्वतंत्रपूर मात्र राज्याच्या कारागृह विभागाकडे आले, आणि मोजक्या कैद्यांपुरती का होईना, आटपाडीच्या माळावर ती खुली वसाहत टिकून राहिली.